वास येतो तो वायू बरा

आमचे आबा मिरजेतल्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. ते सायकल भिंतीला लावायच्या आतच घरात वास यायचा. अमोनियाचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन कारखान्यात जायचो आणि लाकडी फळ्यांनी झाकलेल्या त्या भल्यामोठ्या हौदाजवळ उभा राहायचो. फळी उचलली की खाली मिठाचं काळपट पाणी दिसायचं, त्यात बुडवलेले पत्र्याचे लांब डबे, आणि हौदातूनच फिरवलेले अमोनियाचे लोखंडी पाइप. पाइपांनी पाणी गार व्हायचं, पाण्याने डबे. अमोनिया बर्फाला कुठेच शिवत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा मी तिथे असतानाच व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, गॅस सुटला. डोळे चुरचुरले, घसा धरला. आबांनी मला बखोटीला धरून बाहेर वाऱ्याच्या अंगाला नेऊन उभं केलं, तोंडाला ओला टॉवेल गुंडाळला आणि गंधकाची काडी पेटवून ते आत गेले. अमोनियाची गळती असेल तिथे त्या काडीभोवती पांढरा धूर उठतो. जागा सापडली, पान्हा फिरला, काम झालं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, भीती नाही वाटत? ते म्हणाले, "नाकाला कळतंय तोवर काय भीती? नाकाला कळलं की पान्हा उचलायचा."

परवा तासगावच्या बाजूला एका ओळखीच्या शीतगृहमालकांनी मला त्यांची नवी खोली दाखवायला नेलं. बेदाण्याची खोली. उष्णता अडवणाऱ्या पफ पॅनेलच्या पांढऱ्याशुभ्र भिंती, बाहेर मांडलेली नवी कोरी यंत्रं. या खोलीपुरता जुना अमोनियाचा प्लँट बंद करून त्यांनी आर-४०४ए या वायूवर चालणारी यंत्रं बसवली होती. "आता वासाची कटकट नाही, शेजाऱ्यांच्या तक्रारी नाहीत," ते समाधानाने म्हणाले. त्यांचं समाधान खोटं नव्हतं. पण मला आबांचं नाक आठवलं, आणि या लेखाचं कारण तेच आहे. सांगली-सातारा पट्ट्यातल्या शीतगृहांत आणि दूध शीतकरण केंद्रांत यंत्रात फिरून गारवा करणारा वायू बदलायची वेळ आता आलेलीच आहे. हा बदल एकदाच आणि सरळ अमोनिया, प्रोपेन यांच्यासारख्या निसर्गातच असणाऱ्या वायूंकडे व्हावा, असं माझं ठाम मत आहे. मधल्या कृत्रिम वायूंवर पैसा घालवू नये. आणि जिथे अमोनिया आधीच आहे, तिथून त्याला हाकलू तर अजिबात नये.

आधी आकडे बघू. जुन्या यंत्रांतला आर-२२, ज्याला आपल्याकडे सरसकट 'फ्रिऑन' म्हणतात, हवेत गेला की दोन नुकसानं करतो. एक, तो ओझोनचा थर विरळ करतो. दोन, शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या १८१० पट उष्णता अडवतो. आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून तो 'पर्यावरणपूरक' म्हणून विकला गेला. पण उष्णता अडवण्यात तो ३९२२ पट आहे. म्हणजे आर-२२ काढून आर-४०४ए भरणं म्हणजे ओझोनच्या आगीतून उठून तापमानवाढीच्या फुफाट्यात पडणं. यंत्रातलं तेलही न बदलता आर-२२ च्या जागी चालतो म्हणून मेकॅनिक आर-४२२डी सुचवतात, तोही २७२९ पट आहे. अमोनियाचा हाच आकडा शून्य आहे. ओझोनवरही त्याचा परिणाम शून्य. प्रोपेनचा ३.

हे आकडे हवेतले वाटतात म्हणून जमिनीवर आणतो. आर-४०४ए चा लहान सिलिंडर १०.९ किलोचा येतो. ज्यांच्या प्लँटला 'दरवर्षी एखादा सिलिंडर लागतोच', त्यांचा तो सगळा वायू हवेत गेलेला असतो; बंद यंत्रातला वायू खर्च होत नसतो. तो एक सिलिंडर म्हणजे सुमारे ४३ टन कार्बन डायऑक्साइड. तेवढा धूर काढायला १६ हजार लिटर डिझेल जाळावं लागेल. तासाला पाच लिटर पिणारा ट्रॅक्टर ३२०० तास चालवा, तेव्हा त्या एका सिलिंडरची बरोबरी होते. आणि हे होत असताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत, गंधकाची काडी कुणी पेटवत नाही. खोली नीट गार होईना की मेकॅनिकला फोन जातो, तो येऊन 'गॅस मारून' जातो, आणि बिलावर एक आकडा वाढतो.

अमोनियाचं उलटं आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे पाच-सात भाग आले तरी बहुतेकांच्या नाकाला ते कळतं. जीवाला तातडीचा धोका मानला जातो तो ३०० भागांना. या दोन आकड्यांमधलं अंतर ही माणसाला पळायला आणि पान्हा उचलायला मिळालेली जागा आहे. अमोनिया विषारी आहे हे मी लपवणार नाही, पुढे त्यावर बोलणारच आहे. पण गळती लपवण्याची सोय तो देत नाही, म्हणून अमोनियाचा ऑपरेटर गळती काढतो आणि फ्रिऑनवाला वायू भरतो. माझ्या मते सगळा फरक या सवयीत आहे.

वासाला घाबरून पळण्याची ही पहिली वेळ नव्हे. शंभर वर्षांपूर्वी गारवा करायला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू वापरत. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली सीएफसी नावाचे कृत्रिम वायू पुढे आले. १९३० मध्ये त्याने लोकांसमोर तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि जळतही नाही, हे एका श्वासात सिद्ध झालं. खोलीतल्या माणसाला तो सुरक्षित होताच. त्या माणसाच्या डोक्यावर, वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर काय होईल, याचा विचार कुणी केला नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी ओझोनला असलेला धोका दाखवला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगासमोर आलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. सीएफसी गेले, त्यांच्या जागी आर-२२ सारखे एचसीएफसी मोठ्या प्रमाणावर आले. तेही ओझोनला बाधतात म्हणून एचएफसी आले, ज्यात आर-१३४ए, आर-४०४ए येतात. त्यांनी तापमान वाढतं म्हणून आता एचएफओ हे नवे कृत्रिम वायू येत आहेत. त्यातले काही हवेत फुटले की ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल तयार होतं, जे पाण्यात साठत जातं आणि सहजी मोडत नाही. दर पिढीला नवा वायू, नवं तेल, नवी यंत्रं आणि नवा पश्चात्ताप. प्रत्येक वेळी बदलाचा खर्च मात्र ज्याची खोली आहे त्याच्याच खिशातून गेला.

म्हणून 'घाई कशाला' या प्रश्नाचं उत्तर मला हिशेबाच्या वहीत सापडतं. विकसनशील देशांच्या वेळापत्रकानुसार एचसीएफसीचा वापर २०२५ पर्यंत ६७.५ टक्क्यांनी खाली यायचा होता. २०३० ला तो जवळपास संपतो, आणि पुढे दहा वर्षं जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता चिमूटभर वायू मिळणार आहे. एचएफसी कमी करण्यासाठी २०१६ चा किगाली करार आहे. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. आपल्याला २०२८ पासून वापर गोठवायचा आहे, मग २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात. शीतगृहाचं यंत्र नीट राखलं तर वीस-पंचवीस वर्षं चालतं. म्हणजे आज बसवलेल्या आर-४०४ए च्या यंत्राच्या हयातीतच त्याचा वायू दुर्मीळ होणार. युरोपात तर उष्णता अडवण्याचा आकडा २५०० च्या वर असलेला नवा वायू मोठ्या शीतयंत्रांत भरायला २०२० पासूनच बंदी आहे. तिकडे दार बंद झालेल्या वायूवर कर्ज काढून आपण इथे खोली उभी करायची, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, प्रदूषण युरोप-अमेरिकेने केलं आणि भुर्दंड तासगावच्या द्राक्षबागायतदाराने का भरायचा? प्रश्न रास्त आहे. किगालीच्या वेळापत्रकात आपल्याला जास्त वर्षं मिळाली ती त्यामुळेच. पण तापलेल्या हवेचा भुर्दंड भरायला आपण आधीच रांगेत उभे आहोत. बेदाण्याच्या शेडवर अवकाळीची सर आली की रॅकवरचा हिरवा माल काळा पडताना या भागातल्या प्रत्येक घराने पाहिला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. कुठला पूर कशामुळे आला हे एका वाक्यात सांगण्याचा उथळपणा मी करणार नाही. तरी गरम हवा जास्त बाष्प धरते, आणि ज्याचं सगळं पीक आभाळाकडे डोळे लावून असतं, त्याला हा विषय परका म्हणता येत नाही.

आणि शीतगृहाशिवाय आपलं चालणारही नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बेदाणा तयार होतो आणि सौदे वर्षभर चालतात. मधले महिने तो चार-पाच अंशांना ठेवला नाही तर रंग उतरतो, कीड लागते, भाव पडतो. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी तोडल्यावर काही तासांत गार करावी लागते. गावोगावच्या दूध संस्थांत पस्तीस अंशांचं धारोष्ण दूध बल्क कूलरमध्ये चार अंशांवर आणायचं असतं, दिवसातून दोनदा. वायूचा प्रश्न वाढत जाणार आहे तो याचमुळे, की गारवा वाढत जाणार आहे. तो वाढावाच. माल सडणं हेही प्रदूषणच आहे.

आता अमोनियाच्या धोक्याकडे येतो, कारण इथे मी हात झटकले तर माझं बाकीचं बोलणं खोटं ठरेल. पूर्वी बर्फाचे कारखाने, शीतगृहं गावाबाहेर होती. आता मिरज, कुपवाड, सांगली, तासगाव सगळीकडे वस्ती त्यांच्या भिंतीला येऊन टेकली आहे. मशीनरूममध्ये ग्लँड गळणं वेगळं, आणि काही टन अमोनिया भरलेला रिसीव्हर, म्हणजे साठ्याची टाकी, किंवा खोलीभर फिरवलेला जुनाट पाइप फुटणं वेगळं. तेव्हा नाकाला कळून उपयोग नसतो. शिवाय मालाच्या खोलीत अमोनिया सुटला तर मालही जातो. शेजाऱ्यांची भीती अडाणीपणाची नाही. आबांनी सगळी नोकरी ओल्या टॉवेलावर काढली; त्या कारखान्याने त्यांना कधी धड मास्क दिला नाही. म्हातारपणी त्यांचा खोकला रात्रभर ऐकू यायचा. त्यामुळे 'अमोनिया काही करत नाही' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण याचं उत्तर त्या बर्फाच्या हौदातच होतं. अमोनिया फक्त मशीनरूममध्ये ठेवा, आणि मालाच्या खोल्यांत दुसरं काहीतरी फिरवा. तेव्हा मिठाचं पाणी होतं, आज ग्लायकॉलचं, म्हणजे सहज न गोठणारं, पाणी वापरतात. अमोनिया ग्लायकॉलला गार करतो, ग्लायकॉल खोलीला. एक किलो अमोनिया एक किलो आर-२२ च्या सुमारे सहापट उष्णता उचलून नेतो, त्यामुळे तो मुळातच कमी लागतो. त्यात पाइपांचं जाळं मशीनरूमपुरतं आखडलं की टनांचा साठा किलोंवर येतो. मशीनरूमला गळती ओळखणारा सेन्सर, आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट पंखा, बाहेरून बंद करता येणारा मुख्य व्हॉल्व्ह, दोन श्वसन संच, छतावर वारा दाखवणारी कापडी पिशवी, आणि अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो म्हणून पाण्याचा फवारा. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही. खर्च आहे, नक्की आहे. ग्लायकॉल फिरवायच्या पंपाला आणि मधल्या उष्णता-बदलाला वीजही थोडी जास्त लागते. माझ्या मते वस्तीच्या कडेला राहण्याची ती किंमत आहे आणि ती दिलीच पाहिजे.

विजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वायूवर बोलताना वीज विसरणारा माणूस अर्धंच बोलतो. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एखादं शीतगृह वर्षाला दोन लाख युनिट जाळतं असं धरा. १४० टन झाले. म्हणजे वायू बदलला आणि यंत्र जास्त वीज खाऊ लागलं, तर मिळवलेलं तिकडे गेलं. अमोनिया या कसोटीवरही उतरतो; मोठ्या यंत्रात तो कमी विजेत काम करतो. कार्बन डायऑक्साइड स्वतः उत्तम शीतक आहे, थंड देशांत सुपरमार्केटं त्यावर चालतात, पण ३१ अंशांच्या वर त्याचं द्रवात रूपांतर होत नाही, आणि आपला एप्रिल ४० च्या घरात जातो. तो एकटा इथे दमतो. खूप खालच्या तापमानाला अमोनियाच्या जोडीने लावला तर चालतो. वायूइतकंच महत्त्वाचं म्हणजे फुटलेलं इन्सुलेशन, उघडं राहणारं दार आणि कॉइलवर साचलेला बर्फ. हे कुठलाही वायू भरून सुटत नाही.

लहान यंत्रांचं काय? गावातल्या बल्क कूलरला अमोनियाचा प्लँट लावा असं मी म्हणणार नाही. तांब्याच्या पाइपांत अमोनिया भरताही येत नाही, तो तांबं खातो. तिथे प्रोपेनवर मुळापासून बांधलेली छोटी यंत्रं हा रस्ता आहे. प्रोपेन पेट घेतो. पण लहान यंत्रात तो थोडाच लागतो आणि तो सांभाळता येतो हे आपल्या देशात दाखवून झालेलं आहे. गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले, आणि त्या कंपनीचा मोठा कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळलाच आहे. मात्र कळकळीने सांगतो: आर-२२ च्या जुन्या यंत्रात प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरून पाहू नका. त्या यंत्राचे स्विच, रिले, जोड पेटत्या वायूसाठी बांधलेले नसतात. हवेत दोन टक्के प्रोपेन झाला की ठिणगीचीच वाट असते. बदल करायचा तर यंत्रासकट.

आणि यंत्रासकट बदल हा एकट्या मालकाला पेलणारा नाही, म्हणून सरकारने यात उतरावं असं माझं म्हणणं आहे. सरकार उतरलेलं आहेच, फक्त अट न घालता. केंद्राच्या फलोत्पादन अभियानातून शीतगृहाला मान्य खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. हा लोकांचा पैसा आहे. त्या पैशाने ३९२२ आकड्याचा वायू विकत घेतला जाऊ नये, एवढी अट घालायला कुठला नवा कायदा लागतो? नव्या शीतगृहासाठी दीडशेच्या आतला आकडा, नाहीतर अनुदान नाही. आणि ज्याचा जुना अमोनियाचा प्लँट आहे, त्याला तो पाडायला पैसे देण्याऐवजी सुरक्षित करायला द्या: साठा कमी करायला, पाइप बदलायला, सेन्सर बसवायला. आज प्लँट राखणाऱ्यापेक्षा मोडून नवा घेणाऱ्याच्या पदरात जास्त पडतं, आणि म्हणूनच आमचे तासगावचे स्नेही त्या वाटेने गेले. मी त्यांना दोष देत नाही.

यंत्राइतकाच माणूस महत्त्वाचा. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. पण घराघरात एसी बसवणारा मुलगा आणि अमोनियाच्या प्लँटवर रात्रपाळी करणारा ऑपरेटर यांची कामं वेगळी आहेत. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड आहे. त्याला अमोनियाचा वेगळा प्रमाणपत्र वर्ग जोडावा, प्रत्यक्ष प्लँटवर हात काळे करायला लावणारा. सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहती हाताशी असताना हे अवघड नाही. आबांच्या पिढीतले ऑपरेटर आता एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर ऐकून गळती ओळखणारे कान जात आहेत. मालक सांगतात, 'अमोनियाला माणूस मिळत नाही.' खरं आहे. आठ-दहा हजारांवर, मास्कशिवाय, बारा तासांच्या पाळीवर कोण राहील?

जुन्या यंत्रांतल्या वायूचंही बघावं लागेल. आज आर-२२ चं यंत्र मोडीत निघतं तेव्हा मेकॅनिक व्हॉल्व्ह उघडून देतो आणि फुस्स करून सगळा वायू आभाळात जातो. भंगारवाल्याला तांबं हवं असतं. वायू परत ओढून घेणारं रिकव्हरी यंत्र लागतं, ते प्रत्येक मेकॅनिकला परवडणार नाही, पण तालुक्याला एक नक्की परवडेल. बाजार समितीने किंवा दूध संघाने ते ठेवावं, भाड्याने द्यावं, साठलेला वायू शुद्ध करायला पाठवावा. आणि प्रत्येक शीतगृहात एक साधी वही असावी: कोणत्या तारखेला किती किलो वायू भरला. अनुदान घेतलेल्या शीतगृहाची ही वही दरवर्षी तपासली, तर ज्याला वास नाही त्या वायूलाही वास येऊ लागेल.

तासगावच्या त्या स्नेह्यांची दुसरी खोली अजून जुन्या अमोनियावरच आहे. ती मोडायची की ठेवायची हे त्यांनी ठरवलेलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मशीनरूममध्ये गेलो. कॉम्प्रेसर चालू होता, कोपऱ्यात तेलाचा डबा, भिंतीवर गंधकाच्या काड्यांचं पुडकं खिळ्याला अडकवलेलं. ऑपरेटर साठीच्या पुढचे, बेळंकीचे. मी विचारलं, मास्क आहे? त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दाखवला. मी मालकांना म्हटलं, खोलीचं नंतर ठरवा, आधी यांना श्वसन संच आणून द्या, उद्याच. ते हो म्हणाले. मग आम्ही बाहेर शेडच्या सावलीत बसलो आणि ग्लायकॉलच्या पंपाला किती हॉर्सपॉवर लागेल याचा हिशेब त्यांनी बेदाण्याच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर मांडायला घेतला. फेब्रुवारीत नवा माल यायच्या आत काम उरकेल का, हे त्यांना बघायचं होतं.